मन्नूबियाची सवत

त्या दिवशी माझ्या औषधाच्या दुकानात बरीच गर्दी होती. दार ढकलून मन्नूबिया मावशी आत आली. कोणाला सलाम नाही, रांगेकडे लक्ष नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "न फोतील पा."

"काय म्हणालीस मावशी?"

"न फोतील पा. म्हणजे काय ते सांग लवकर, नाहीतर विसरेन. घरापासून तोंडात धरून आणलंय."

मागे उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "गुडघ्यांवर नवी गोळी आली असेल. मलाही एक पाकीट दे, वसीला."

लोक हसले. मावशी हसली नाही. "हे बोलले," ती म्हणाली. "आज सकाळी. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच तोंड उघडलं, आणि हे एवढंच बोलले."

मग हसणारेही गप्प झाले. तिचे 'हे' म्हणजे कोण, ते ट्यूनिशियाच्या डोंगरातल्या आमच्या ऐन द्राहम गावात कोणाला सांगावं लागत नाही. लारूसी मास्तर. पण त्यांना मास्तर कोणी म्हणत नसे, सगळं गाव फ्रेंच पद्धतीने 'मस्यू', म्हणजे साहेब, म्हणायचं. बाजारात कांदे विकणाराही मस्यू म्हणायचा आणि मशिदीतले इमामही. उभी हयात त्यांनी इथल्या शाळेत फ्रेंच शिकवलं. त्या रांगेतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातची पट्टी खाल्ली होती. मीही खाल्ली होती.

"मावशी, त्याचा अर्थ 'पाहिजे, नाही का?'" मी सांगितलं.

"काय पाहिजे?"

"ते त्यात नाही. नुसतंच 'पाहिजे, नाही का?'"

 ती म्हणाली, "चाळीस वर्षं संसार केला. हा माणूस तोंड उघडून काही मागतोय, आणि ते काय ते मला तुला विचारावं लागतंय." एवढं बोलून ती निघून गेली. औषध घ्यायचं होतं तेही विसरली.

मन्नूबिया मावशी डोंगरापलीकडच्या जंगलातल्या वाडीची. तिचा बाप बाटल्यांची बुचं होतात त्या झाडांची साल काढायला जायचा. शाळा तिने बाहेरूनच पाहिली. लग्न होऊन गावात आली तेव्हा मस्यू नुकतेच नोकरीला लागले होते. माणूस वाईट नव्हता. हात उगारला नाही, दारू प्यायला नाही, बाजारहाट स्वतः करायचा. पण घरात दोन भाषा होत्या, अरबी आणि फ्रेंच. मस्यूंचे शाळेतले मित्र आले की फ्रेंच सुरू व्हायचं. मुलगी रफीका थोडी मोठी झाली तशी बापाशी फ्रेंचमध्येच बोलायला लागली. बापलेक जेवताना कशावर तरी खदखदून हसायचे आणि मावशी हातात पातेलं घेऊन उभी. "काय झालं?" असं तिने विचारलं की मस्यू म्हणायचे, "काही नाही गं, व्याकरणातली गंमत आहे."

मावशी बायकांत बसली की सांगायची, "माझ्या नवऱ्याने दुसरी केलेली नाही म्हणता तुम्ही. केलेली आहे. माझ्याआधीपासून घरात बसलीय. शिकलेली आहे, गोरी आहे, आणि तिला स्वयंपाक करावा लागत नाही." बायका हसायच्या. तीही हसायची.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत मस्यू मेंदूचा झटका येऊन अंगणात पडले. जंदूबाच्या मोठ्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा उजवा हात लुळा झाला होता आणि वाचा गेली होती. नुसती वाचाच गेली असती तर खुणांवर भागलं असतं. पण समजणंही विस्कटलं होतं. पाणी हवंय का विचारलं तर मान हो म्हणून हलवायचे, आणि पेला पुढे केला की तोंड फिरवायचे. थंडी वाजतेय का विचारलं तर नाही म्हणायचे, आणि दात वाजत असायचे. हो म्हणजे हो नव्हतं आणि नाही म्हणजे नाही नव्हतं. मावशी दिवसभर अंदाजाने चालायची. अंदाज चुकला की ते डाव्या हाताने समोरचं भांडं उडवून द्यायचे. भिंतीला हरीसाच्या तिखट चटणीचे आणि रश्श्याचे लाल डाग पडले होते.

आणि आता हे 'न फोतील पा'.

दुकान बंद करून मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. मस्यू खिडकीशी खुर्चीत बसले होते. अंगावर लोकरीचा जाड झगा. चेहरा एका बाजूने उतरलेला. मला बघून ओळख दिसली नाही. पण त्यांनी डावा हात उचलला, बोट माझ्याकडे रोखलं आणि म्हणाले, "न फोतील पा?"

आणि मी, दोन पोरांची आई, टाचा जोडून ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "सी, मस्यू, इल फो."

म्हणजे, पाहिजे की. माझं मलाच कळलं नाही ते तोंडातून कसं आलं. मस्यूंचा चेहरा सैल झाला. त्यांनी हात खाली करून मला बसायची खूण केली, अगदी वर्गात करायचे तशी. मग पुढचं. "न फालेतील पा?" पाहिजे होतं, नाही का? मी म्हटलं, सी, पाहिजे होतं. "न फोद्रातील पा?" पाहिजे असेल, नाही का? सी, मस्यू. मग पावसाचं क्रियापद आलं. पाऊस पडत नाही का, पडत नव्हता का, पडणार नाही का. मग बर्फ. सगळे काळ एकामागून एक, एकही चूक नाही. जो माणूस स्वतःच्या बायकोचं नाव घेऊ शकत नव्हता, तो क्रियापदं अशी चालवत होता.

मावशी दारात उभी राहून ऐकत होती. आम्ही थांबलो तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"तू काय म्हणालीस त्यांना? शांत कसे झाले?"

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. हा धडा म्हणजे मस्यूंचा लाडका धडा. दरवर्षी पावसाळी दिवस आले की ते अख्ख्या वर्गाला उभं करून हाच घोकून घ्यायचे. फ्रेंचमध्ये साध्या प्रश्नाला 'हो' म्हणायचं तर 'वी' म्हणतात. पण प्रश्नात 'नाही का' असेल, आणि आपल्याला 'आहे की' म्हणायचं असेल, तर 'वी' चालत नाही. तिथे 'सी' म्हणावं लागतं. जो 'वी' म्हणायचा त्याच्या हातावर पट्टी. आम्ही सगळे त्या एका अक्षरासाठी रडलो होतो.

"म्हणजे ते विचारतात आणि उत्तराची वाट बघत बसतात," मावशी म्हणाली. "आणि मी वेडी म्हणते, अहो, काय हवंय, अहो, काय हवंय."

"तसंच असेल."

"मला शिकव."

मावशी पाटावर बसून वालाच्या शेंगा सोलायची आणि मी शिकवायची. लिहिता येत नव्हतं, म्हणून सगळं कानाने. तिची जीभ जड होती. फ्रेंच 'र' तिच्या घशात अडकायचा. पण 'सी' तिला पहिल्याच दिवशी आलं, आणि तेवढ्यावर ती मस्यूंपुढे जाऊन उभी राहिली. त्यांनी विचारलं, तिने उत्तर दिलं. त्यांनी तिला बसायची खूण केली. मावशी बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

मला वाटलं, चला, वाट सापडली. पण ती वाट नव्हती.

कारण 'पाहिजे, नाही का?' असं त्यांनी विचारलं आणि 'पाहिजे की' असं हिने म्हटलं, तरी काय पाहिजे ते कोणालाच कळत नव्हतं. मस्यू तेच तेच विचारायचे. आधी शांतपणे, मग जोरात, मग खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटत. बाहेर लख्ख ऊन असायचं आणि ते ओरडून विचारायचे, पाऊस पडत नाही का? मावशी म्हणायची, सी, पडतोय. तहान लागली असेल म्हणून पाणी द्यायची. पाणी उडवून द्यायचे. लघवीला नेऊ बघायची. हिसडा मारायचे. थोड्या वेळाने खुर्चीतच ओलं व्हायचं. मग दोघं एकमेकांकडे बघत बसायची.

रफीका तिच्या घरून, समुद्रकाठच्या सूसहून आली. ती बापाशी सफाईने फ्रेंच बोलायला लागली. 'बाबा, कसं वाटतंय, बाबा, दुखतंय का.' मस्यू भांबावले. जे कळत नव्हतं ते अरबीत कळत नव्हतं तसंच फ्रेंचमध्येही कळत नव्हतं. त्यांना फक्त तो घोकलेला धडा येत होता. आईचं 'सी' ऐकून रफीकाला हसू आलं. "आई, इतकं लांबवू नकोस गं, शीळ घातल्यासारखं वाटतं."

"तुझ्या बापाने शिकवलं असतं तर बरोबर म्हटलं असतं," मावशी म्हणाली.

रफीकाने त्या दोघांना ट्यूनिसला वाचेवर उपचार करणाऱ्या बाईंकडे नेलं. मीही शेअर टॅक्सीतून सोबत गेले, मस्यूंना धरायला दोन माणसं लागायची म्हणून. बाई चांगल्या होत्या, घाई करत नव्हत्या. त्यांनी मस्यूंना चित्रं दाखवली. किल्ली, मांजर, पाव. मस्यूंनी प्रत्येक चित्राकडे बघून विचारलं, बर्फ पडत नाही का?

शेवटी बाई म्हणाल्या, "आयुष्यभर हजारदा म्हटलेलं असतं ते मेंदूत निराळ्या जागी राहतं. काही लोक आकडे म्हणतात, काही प्रार्थना. ह्यांचं हे राहिलंय. त्यात ते काही सांगत असतीलच असं धरून चालू नका. नाहीतर तुम्हीच खचाल."

परतताना मावशी खिडकीशी बसली होती. वाटेतलं बेजा शहर मागे पडलं तेव्हा तिने मला विचारलं, "वसीला, तो 'तील' म्हणतात त्यातला 'इल' कोण?"

"कोणी नाही मावशी."

"'इल' म्हणजे 'तो' ना? तूच सांगितलंस."

मग मी तिला समजावलं. आपण म्हणतो उजाडलं, सांजावलं. कोण उजाडलं, असं कोणी विचारत नाही. फ्रेंच लोकांना मात्र प्रत्येक क्रियापदाला कोणी तरी धनी लागतो. पाऊस पडला तरी पाडणारा लागतो. म्हणून ते तिथे एक 'तो' उभा करतात. शेतातलं बुजगावणंच. कपडे आहेत, आत माणूस नाही. मस्यू वर्गात हेच शिकवायचे.

 डोंगर सुरू झाले, झाडं दाट झाली. मग मावशी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे आत कोणी नाही."

"मी व्याकरणातलं सांगतेय मावशी."

"मीही तेच विचारतेय," ती म्हणाली. पण ती मागच्या सीटवर मान टाकून झोपलेल्या मस्यूंकडे बघत होती.

त्यानंतर तिने 'सी' म्हणणं सोडलं. मस्यू विचारायचे, ती काम करत राहायची. एकदा मी गेले तेव्हा ती त्यांच्यामागे उभी होती आणि तिने हाताने त्यांचं तोंड दाबून धरलं होतं. मला पाहून हात काढला. "थोडा वेळ," ती म्हणाली. "थोडा वेळ घरात शांतता हवी होती." तिच्या तळव्यावर दातांचे वळ होते.

हिवाळा लागला. एक दिवस दुकानाच्या काचेतून मला टॅक्सीतळावरच्या बाकावर मावशी बसलेली दिसली. मांडीवर गाठोडं, झिमझिम पाऊस, डोक्यावर काही नाही. टॅक्सी भरत होत्या, सुटत होत्या, ती उठत नव्हती. मी छत्री घेऊन गेले.

"कुठे निघालीस?"

"जिकडची गाडी मिळेल तिकडे."

"मस्यूंपाशी कोण आहे?"

"ती आहे ना. सवत. आजवर तिने नुसती मजा मारली. आता सांभाळू दे तिला, धुऊ दे गादी."

मी तिच्याशेजारी बसले.  समोर टॅक्सीवाला ओरडत होता, "तबर्का, तबर्का, एक सीट." मावशी उठली. मला वाटलं चालली. पण ती घराच्या दिशेने वळली.

"पीठ भिजवून ठेवलंय," ती म्हणाली. "फुगून सांडेल."

मी तिच्याबरोबर घरी गेले. मस्यू खुर्चीतून खाली घसरून जमिनीवर पडले होते. रडत होते की नाही ते सांगता येत नव्हतं. त्यांच्या एका डोळ्यातून तेव्हा नेहमीच पाणी वाहायचं. आम्ही दोघींनी त्यांना उचललं. मावशीने त्यांचं अंग पुसलं, कपडे बदलले, आणि एक अक्षर बोलली नाही.

त्या दिवसापासून मस्यूही गप्प झाले. प्रश्न बंद. आणि खाणंही बंद. चमचा ओठांशी नेला की ओठ घट्ट मिटायचे. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल, दवाखान्यात न्या. रफीका फोनवर रडत होती. रस्त्यावर बर्फ साचलं होतं, दवाखान्याची गाडी घाट चढून येईना.

त्या सकाळी मी ग्लुकोज घेऊन पोहोचले. दार उघडंच होतं. मावशी मस्यूंसमोर जमिनीवर बसलेली. हातात मातीच्या भट्टीतून नुकतीच काढलेली भाकर. रात्रभर झोपली नसावी. ती आर्जवं करत होती, अहो, एक घास, अहो, माझ्यासाठी. मस्यू भिंतीकडे बघत होते.  मग एकाएकी ती भांडणाच्या सुरात, भाकर त्यांच्या नाकापुढे धरून म्हणाली, "न भाकर-तील पा?"

मस्यूंनी मान वळवली.

फ्रेंच जाणणाऱ्या माणसाच्या कानाला ते कसं लागतं ते मी सांगू शकत नाही. भाकर हे काही क्रियापद नव्हे, आणि ती भाकर तर धड फ्रेंचही नव्हे. वर्गात कोणी असं म्हटलं असतं तर पट्टी मोडली असती. मस्यूंचं कपाळ आकसलं. डोळे बारीक झाले, वहीत घोडचूक सापडल्यावर व्हायचे तसे. त्यांचा चांगला असलेला अर्धा ओठ थरथरला, आणि त्यांच्या घशातून एक आवाज आला. मी घाबरले, झटका आला म्हणून. ते हसत होते.

"न भाकर-तील पा?" मावशीने पुन्हा विचारलं. ती हसत नव्हती.

"सी," मस्यू म्हणाले. आणि तोंड उघडलं.

भाकर संपल्यावर तिने विचारलं, "न पाणी-तील पा?" ते म्हणाले, "नों." तिने पेला बाजूला ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "सी," आणि प्यायले.

हे असं का झालं ते मला माहीत नाही. ट्यूनिसच्या बाईंना मी फोन करून सांगितलं. त्या खूप वेळ ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "त्यांना चालू ठेवायला सांगा." एवढंच.

मावशीने चालू ठेवलं. न थंडी-तील पा, न लघवी-तील पा, न दुखणं-तील पा. सी म्हणजे सी होतं आणि नों म्हणजे नों होतं. गादी कोरडी राहायला लागली. भांडी फुटेनाशी झाली. ती जेवढं विचारायची तेवढंच कळायचं, तिने न विचारलेलं ते सांगू शकत नव्हते. म्हणून ती दिवसभर विचारत राहायची, घरातली एकेक वस्तू, शरीराचा एकेक भाग, दमेपर्यंत. कधी काहीच जुळायचं नाही. सगळ्याला नों, नों, आणि डोळ्यांत काही तरी अडकलेलं, जे तिच्या कोणत्याच शब्दात मावत नव्हतं. अशा दिवशी ती माझ्याकडे येऊन म्हणायची, "वसीला, शब्द दे. माझे संपले." माझ्याकडे देण्यासारखं काय होतं? मी म्हणायची, रात्री ओरडतात ते कोल्हे विचार, रेडिओ विचार, रफीका विचार. ती जाऊन विचारायची.

बर्फ वितळल्यावर दुसरा झटका आला. त्यात 'सी'ही गेलं. मावशी तरी विचारत राहिली. भाकर, पाणी, थंडी. उत्तर येत नव्हतं. उन्हाळ्यात बुचाची साल काढायचे दिवस आले तेव्हा मस्यू गेले. दफनाला एवढे लोक आले की शाळेच्या फाटकापर्यंत रांग होती. सगळे त्यांचेच विद्यार्थी. बायका मावशीला म्हणत होत्या, "शेवटी तुझ्याशीच बोलले गं, नशीबवान आहेस." 

नंतर ती थोडे दिवस रफीकाकडे सूसला राहिली आणि परत आली. समुद्र मानवत नाही म्हणाली. आता पुन्हा भट्टी लावते, शेजारच्या हॉटेलाला भाकरी पुरवते.

परवा मी तिच्याकडे बसले होते. बायकांचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं होतं, म्हणून विचारलं, "मावशी, त्यांना कळत होतं का गं, तू आहेस म्हणून?"

ती पीठ थापत होती. "एकदा विचारलं होतं," ती म्हणाली. "तू नव्हतीस तेव्हा. न मन्नूबिया-तील पा, असं विचारलं."

"मग?"

"खिडकीबाहेर बघत बसले. सी नाही, नों नाही."

"ऐकू गेलं नसेल."

"गेलं असेल, नसेल. पुन्हा विचारायची छाती झाली नाही." तिने भाकर उचलून भट्टीच्या आतल्या भिंतीवर चिकटवली आणि हात झटकला. "लोक म्हणतात माझ्याशी बोलले. मी तसं म्हणत नाही. भूक लागली की मला कळत होतं. पुष्कळ बायकांना तेवढंही कळत नाही. त्याच्यापुढचं मी मनाने काही धरलेलं नाही, आणि तूही धरू नकोस." मग भट्टीत डोकावून म्हणाली, "जरा ते फडकं दे इकडे. हाताला चटका बसतोय."